तिसऱ्या खेपेची नोंद

माझी बायको, कामशात, गेली ती सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. मला ते संध्याकाळी पाचला कळलं. मधला बराचसा दिवस मी तिच्या आईच्या घराच्या छपरावर होतो. धुराड्याचा पाइप सोडवत होतो.

मी किरण-केंद्रात यंत्र चालवतो. आमचं अक्झार गाव इर्तिश नदीच्या काठी आहे, शहरापासून गाडीने अडीच तास. केंद्रात आम्ही अकरा माणसं. बाहेरून सिरिंजा, हातमोजे, टाक्यांचे दोरे असं बंद खोक्यांतून येतं, पट्ट्यावरून किरणांखालून जातं, निर्जंतुक होतं आणि परत जातं. माझी बायको वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत होती. ती जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवायची. कापडाच्या नाही, जेलच्या. पाणी, अगर-अगर आणि एक पांढरी पूड शिजवून ट्रेमध्ये ओतायची. गार झालं की ते खरवसासारखं थरथरायचं. ट्रे पिशवीत बंद करून माझ्याकडे यायचे. किरणांखालून गेलं की त्याला धर यायचा. मग ती पट्टी वाकवली तरी तुटत नाही, आरपार दिसते, आणि जवळजवळ सगळी पाण्याचीच असते. जखम ओली ठेवते, गार ठेवते. आणि चिकटत नाही. उचलली की सरळ निघते.

चिकटत नाही हेच तिच्या लेखी सगळं होतं. आमच्याकडे चहाचे समोवार आणि कढया जमिनीलगत असतात आणि मुलंही जमिनीलगतच असतात. शहरातल्या इस्पितळात भाजलेल्या मुलांचा वॉर्ड कधी रिकामा नसतो. तिथे जाळीचं कापड लावतात. दुसऱ्या दिवसापर्यंत ते जखमेला धरून बसतं. मग पाणी मारून ओढतात, आणि त्याच्याबरोबर नवी आलेली कातडीही येते. कामशातने ते एकदा उभं राहून पाहिलं. घरी आल्यावर दोन दिवस ती धड बोलली नाही. आम्हाला मूल झालं नाही. म्हणून ही परक्यांच्या मुलांसाठी झिजते, असं लोक म्हणायचे, आणि तिला त्याचा भयंकर राग यायचा. मूल असतं तरी ते कापड चिकटलंच असतं की, म्हणायची.

तिला सहा वर्षं लागली. पहिली खेप सशांवर गेली, दुसरी मोठ्या माणसांवर. दोन्ही चांगल्या गेल्या. तिसरी खेप मुलांच्या वॉर्डसाठी होती. ती नीट गेली तर पट्टीला मान्यता मिळणार होती. नाही गेली तर काम बंद, असं राजधानीतून आलेल्या कागदात लिहिलं होतं. कामशातने तो कागद फ्रीजवर चिकटवला होता.

तिसरी खेप ओतायची वेळ आली तेव्हा ती शहरात इस्पितळात होती. किडन्या. सतरा दिवस झाले होते. तिची मदतनीस नेसिबेली हिने वहीत बघून सोमवारी चाळीस ट्रे ओतले. ओतलेलं जेल दिवसापेक्षा जास्त ठेवता येत नाही, बुरशी धरते. मंगळवारी अकराला ते माझ्या पट्ट्यावर चढायचं होतं आणि तीनला शहराची गाडी निघणार होती.

मंगळवारी साडेदहाला सेरगाझी आगा खाली आले. ते आमच्या केंद्राचे प्रमुख, आणि कामशातचे थोरले भाऊ. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे आगा म्हणतात. यंत्राच्या खोलीत फोन नेत नाहीत, म्हणून इस्पितळाच्या कागदावर आम्ही त्यांचा नंबर दिला होता.

"जावई, कोट चढव," ते म्हणाले. "आपाच्या चुलीचा धूर घरात येतोय. म्हातारी खोकून बेजार झालीय. जाऊन बघ."

मी म्हटलं, अकराला कामशातची खेप आहे, ती झाली की जातो. ते म्हणाले की खेप ते बघतील, मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ते हे यंत्र चालवतायत. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पट्ट्याकडे बघत होते. मला वाटलं आदल्या रात्री जास्त झाली असेल. मी किल्ली दिली आणि निघालो. काही सांगायचं राहिलंय असं माझ्या मनातही आलं नाही.

आपा, म्हणजे माझ्या सासूबाई, सेरगाझी आगांकडेच राहतात. मी गेलो तेव्हा त्या कणीक मळत होत्या. खोकत वगैरे नव्हत्या.

"धूर? कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आगा. "त्याला काय कळतंय, तो घरात असतो कधी? पण आलाच आहेस तर बघ. जावयाचे हात फुकट मिळतायत."

मी छपरावर चढलो. पाइपचे तीन तुकडे सोडवले. आत काहीच नव्हतं. सप्टेंबरात मीच तो साफ केला होता. तरी मी तिन्ही तुकडे खाली आणून घासले, कारण एवढं चढून काहीच केलं नाही असं कोण सांगणार. छपरावरून सगळी गल्ली दिसते. माणसं वर बघत होती आणि पुढे जात होती. एरवी छपरावर माणूस दिसला की चार जण खाली थांबून अक्कल शिकवतात. त्या दिवशी एकानेही हाक मारली नाही. थंडी आहे म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

आपांनी दोनदा चहा दिला. जेवायला घातलं. कामशात शनिवारी घरी येणार म्हणून त्यांनी तिच्यासाठी घोड्याच्या खारवलेल्या मांसाची एक कझी राखून ठेवली होती. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, असं मी म्हटलं.

"डॉक्टर तिला आता ओळखतो. मी पन्नास वर्षं ओळखते," आपा म्हणाल्या. "एक तुकडा खाऊन कोणी मरत नाही."

मी हसलो. तेव्हा तिला जाऊन पाच तास झाले होते.

पाचला फाटक वाजलं. आधी बायका आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मग गावातले सगळ्यांत वडीलधारे कोझाबाय अक्साकाल आणि त्यांच्याबरोबर तीन म्हातारे. ते बूट काढून आत आले आणि मधल्या जागेवर बसले. मला समोर बसवलं. आमच्यात ही बातमी सांगायची रीत आहे. ती वडीलधाऱ्याने सांगायची, माणूस घरात बसलेला असताना, आजूबाजूला हात धरायला माणसं असताना, आणि सरळ नाही, वळसा घेऊन. मी हे म्हातारे दुसऱ्यांच्या घरात असे बसलेले पाहिले होते.

कोझाबाय म्हणाले, "एलुबाय, तुझ्या हातावर जो पक्षी बसला होता, तो आज उडाला."

आपांना माझ्या आधी कळलं. त्यांच्या हातात भाकऱ्यांचं ताट होतं. ते त्यांनी नीट टेबलावर ठेवलं, कापड झाकलं, आणि मग त्यांचा आवाज निघाला.

मी विचारलं, किती वाजता. असं विचारायचं नसतं. म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही. दारातून सेरगाझी आगा म्हणाले, "नऊ चाळीसला."

मी त्या दिवशी कोणावर रागावलो नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या ड्रायव्हरचे वडील त्याच्या गावी वारले, तेव्हा मीच त्याला दिवसभर नदीवर मासे धरायला बसवून ठेवलं होतं, म्हातारे जमेपर्यंत. तो नंतर माझे आभार मानायला आला होता. ही रीत आहे आणि ती मायेनेच केली जाते. गुरुवारी आम्ही तिला पुरलं. जमीन वरून वीतभर गोठली होती.

चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला तीन दिवस होते तेव्हा नेसिबेली घरी आली. तिच्या हातात इस्पितळाचा अहवाल होता आणि एका पिशवीत उरलेल्या पट्ट्या. ती दारातच रडायला लागली. मला वाटलं कामशातसाठी रडतेय.

अहवाल दीड पानाचा होता. तिसरी खेप बारा मुलांना लावली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या उचलताना तुटल्या. खालची बाजू चिकट, शेंबडासारखी झाली होती आणि जखमेत राहिली. ती धुऊन काढावी लागली. दोन मुलांना ताप चढला. एका चार वर्षांच्या मुलीच्या जखमेत पू झाला आणि तिच्या मांडीची कातडी काढून हातावर बसवावी लागली. चाचणी थांबवली आहे. शेवटी लिहिलं होतं: मिश्रण अस्थिर, मुलांसाठी अयोग्य. खाली मिश्रण तयार करणाऱ्याचं नाव, कामशात कासेनोव्हा. नावाभोवती मेलेल्या माणसाच्या नावाला असते तशी काळी चौकट केली होती.

नेसिबेली म्हणत होती, "आगा, मी वहीतलंच केलं. एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही. मी काय चुकले ते तरी सांगा."

मी पिशवीतून एक पट्टी काढली. वरून बोट फिरवलं. घट्ट होती, जशी हवी तशी. उलटी केली आणि बोट ओलं, चिकट झालं. मला तेव्हाच कळलं. मी नेसिबेलीला म्हटलं, तू काही चुकली नाहीस. तिला वाटलं मी समजूत घालतोय.

पट्ट्या उलटल्या नव्हत्या.

आमचं यंत्र जुनं आहे. त्याचे किरण जेलमध्ये पूर्ण खालपर्यंत पोचत नाहीत. वरचा भाग घट्ट होतो, खालचा कच्चा राहतो, आणि कच्च्या भागात जंतूही मरत नाहीत. पहिल्या खेपेच्या वेळी कामशातच्या हे लक्षात आलं आणि तिने ठरवलं की किरणांची पंचवीसची मात्रा एकदम द्यायची नाही. अर्धी वरून द्यायची, मग ट्रे उलटायचे, आणि अर्धी खालून. उलटायचं काम हातानेच. पट्टा थांबवायचा, वीस मिनिटं पंखे चालवायचे, कारण आतली हवा घशाला लागते, मग आत जाऊन एकेक ट्रे पालथा घालायचा, बाहेर यायचं, दार लावायचं, परत सुरू करायचं. मी आत असलो की ती जाड काचेपलीकडे उभी असायची. आवाज येत नाही तिथून. बाहेर आलो की म्हणायची, "म्हाताऱ्या, पोळ्या करपल्या नाहीत ना?"

हे उलटणं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या वहीत नाही, केंद्राला दिलेल्या कृतीच्या कागदात नाही. तिथे फक्त एकूण मात्रा होती: पंचवीस. मी तिला एकदा विचारलं होतं, हे लिहायला नको का. ती म्हणाली, "तू कुठे पळून चाललायस?" मान्यतेला पाठवायच्या आधी सगळं स्वच्छ लिहून काढायचं होतं तिला. तेव्हा तेही आलं असतं.

इथे मला माझंही सांगायला हवं. ती दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की फार दिवस नाहीत. मी तिला ते सांगितलं नाही. आजाऱ्याला असं कोणी सांगत नाही. मी आत गेलो आणि म्हटलं, दोन आठवड्यांत घरी. तिने शनिवार ठरवला. खरं कळलं असतं तर तिने आधी वही मागवली असती, हे मला कोणी सांगायला नको. सव्वीस वर्षं संसार केला मी तिच्याशी. ती रडली असती अर्धा तास, आणि मग म्हणाली असती, चष्मा दे.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात जाऊन नोंदवही काढली. तो मंगळवार. अकरा वीस ते बारा पाच. तिसरी खेप, चाळीस ट्रे, मात्रा पंचवीस, एकदाच. यंत्रचालक: मी. खाली माझी सही. सही बरी जमली होती. फक्त मी शेवटची रेघ खाली ओढतो, ती वर गेली होती.

सेरगाझी आगा अंगणात गाडीखालचं बर्फ फावड्याने काढत होते. मी नोंदवही तशीच हातात घेऊन गेलो. त्यांनी वही पाहिली आणि फावडं गाडीला टेकवून ठेवलं.

"माझा परवाना दोन वर्षांपूर्वी संपलाय," ते म्हणाले. "प्रमुखाला कोण विचारतं, म्हणून नव्याने काढला नाही. पाळी तुझी होती, म्हणून तुझं नाव घातलं. त्यात काय मोठं."

मी त्यांना विचारलं, ट्रे उलटले होते का.

"कुठे लिहिलंय उलटायचं? कागद बघ. पंचवीस लिहिलंय, मी पंचवीस दिली."

मी नोंदवही मिटली. मग तेच बोलायला लागले. इस्पितळातून फोन आला तेव्हा ते जिन्यात होते. तिथेच पायरीवर बसले. मग त्यांच्या मनात आलं, गाडी तीनला जाणार, जेल उद्यापर्यंत टिकणार नाही, तिची खेप तरी जाऊ दे. मला घरी पाठवायचं, म्हातारे जमवायचे आणि मधल्या वेळात खेप काढायची. पट्टा चालू केल्यावर ते खुर्चीवर बसले आणि रडले. कोणी येईल म्हणून तोंड धुऊन आले. तोवर पट्टा संपला होता.

"तिच्यासाठीच केलं रे मी," ते म्हणाले. "माझी बहीण होती ती."

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं. "मी आधी ट्रे उलटले असते आणि मग रडलो असतो."

"असं सांगतं कोणी? माणूस यंत्रावर उभा, आणि त्याला म्हणायचं, तुझी बायको गेली, आता बटण दाब? लोकांनी शेण घातलं असतं माझ्या तोंडात. उद्या तुझ्यावर वेळ आली तर तू सांगशील?"

मी मासे धरायला बसवलेला ड्रायव्हर तेव्हा पलीकडे गाडी धूत होता.

मी म्हटलं, झालं ते झालं, पण आता लिहून देऊ. मिश्रणात खोट नव्हती, तिसऱ्या खेपेला किरण एकाच बाजूने मिळाले, एवढं लिहायचं. म्हणजे चौथी खेप करता येईल. सेरगाझी आगांनी नाही म्हणून मान हलवली. असं लिहिलं की पहिला प्रश्न, यंत्रावर कोण होतं. परवाना नसलेला माणूस, खोटी सही, आणि त्यातून एका मुलीच्या हाताची कातडी गेली. त्यांना कोर्टात उभं करतील आणि केंद्राला कुलूप घालतील. अकरा घरं, त्यातलं एक माझं.

"तू घे ना अंगावर," ते म्हणाले. "तू होतास म्हण. बायको आजारी, डोकं ठिकाणावर नव्हतं, विसरलो. तुला कोणी काही करणार नाही. परवाना आहे तुझ्याकडे."

मी हे खरंच करायला तयार होतो. रात्रभर विचार केला होता मीही.

"आगा," मी म्हटलं, "सगळ्या गल्लीने मला तुमच्या छपरावर पाहिलंय."

ते हसले. मीही हसलो. मग त्यांनी फावडं उचललं आणि परत बर्फ काढायला लागले.

चाळीसाव्याचं जेवण झालं. कोझाबायांनी सगळ्यांना विचारलं, कशी होती कामशात. सगळे म्हणाले, चांगली होती. सेरगाझी आगांनी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर स्वतः पाणी घातलं.

जानेवारीत मी शहरात गेलो. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डच्या डॉक्टर तामारा येगोरोव्हना यांना मी कामशातमुळे ओळखत होतो. त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं, कारण आत पट्ट्या बदलायचं चाललं होतं. दार लोटलेलं होतं, तरी आतलं ऐकू येत होतं. एक मूल नर्सला सांगत होतं की हळू, हळू, आता थांब, आता मी मोजतो, मोजल्यावर ओढ. ते सातपर्यंत मोजायचं आणि परत एकपासून सुरू करायचं. नर्स थांबत होती. मग तिने थांबणं सोडलं.

मी डॉक्टरांना उलटण्याबद्दल सांगितलं. कोणी केलं ते सांगितलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला पटतंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेची पट्टी मी स्वतः उचलली होती, एलुबाय कासेनोविच. तसं काही मी बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पण मी बारा आईबापांच्या सह्या घेतल्या होत्या. परत सह्या मागायच्या तर माझ्या हातात कागद हवा. काय चुकलं, कोणाकडून चुकलं, परत का चुकणार नाही. तोंडी सांगितलेलं मी त्या मुलीच्या आईला काय सांगू?"

मी म्हटलं, आणतो.

"लवकर आणा. माझी नोकरी दोन वर्षं उरलीय. माझ्यानंतर कोणी हे उकरून काढणार नाही."

घरी येऊन मी तो कागद लिहिला. मला लिहायची सवय नाही. तीन वेळा लिहिला. तिसऱ्यांदा सगळं आलं: यंत्र, मात्रा, उलटणं, त्या दिवशी यंत्रावर मी नव्हतो, सही माझी नाही. सेरगाझी आगांचं नाव मी लिहिलं नाही. पण ते नसलं तरी कळणारच, दुसऱ्या कोणाकडे किल्ली नसते. मी तो कागद त्यांना वाचायला दिला, चोरून काही करायचं नाही म्हणून. ते वाचून म्हणाले, तीन वर्षं थांब, मी निवृत्त होतो, मग हवं ते लिही. मी म्हटलं, डॉक्टर दोन वर्षांत जातायत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत दिली. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलायला लागलो.

मार्चमध्ये राजधानीतून पत्र आलं आणि वरची प्रयोगशाळा बंद झाली. आता तिथे खोकी ठेवतात. नेसिबेली अस्तानाला गेली. तिथे एका कंपनीत ती चेहऱ्याला लावायच्या जेलच्या पट्ट्या बनवते, बायकांची कातडी तुकतुकीत व्हावी म्हणून. तिने मला एक पाकीट पाठवलं होतं. मी एक पट्टी उघडून पाहिली. दोन्ही बाजूंनी घट्ट होती. जाताना कामशातची वही तिने माझ्याकडे दिली. उलटायचं मी आता त्यात शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, माझ्या अक्षरात.

वर्ष भरलं तेव्हा आम्ही कबरीवर दगड बसवला. घोडं कापलं, दीडशे माणसं जेवली. पाहुणे गेल्यावर मी आपांना त्यांच्या खोलीत औषध द्यायला गेलो. त्या पलंगावर बसल्या होत्या. गेल्या वर्षात त्या खूप लहान झाल्या आहेत. त्यांनी दार लावायला सांगितलं.

"सेरगाझीने मला सांगितलंय," त्या म्हणाल्या.

मी उभाच राहिलो.

"पोरा, तू वाईट नाहीस. आणि ती पट्टी चांगली होती, मला माहीत आहे, तिने माझ्या पायाला लावली होती. पण मला दोन होती. एक गेलं. त्या दिवशी तू इथे माझ्यासमोर बसून जेवत होतास आणि ती गेलेली होती, आणि आपल्याला दोघांनाही कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याचं मला असं काही कळायला नको. मी आहे तोवर तरी."

मी औषध चमच्यात ओतलं. त्यांनी ते घेतलं आणि तोंड वाकडं केलं. मी त्यांना विचारलं नाही की त्या कामशातच्या आई असत्या आणि सेरगाझीच्या नसत्या, तर काय म्हणाल्या असत्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. तब्येत ठणठणीत आहे. त्यांनी खूप जगावं असं मला वाटतं, आणि तसं वाटताना मी दुसरंही काहीतरी मोजत असतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं आहे.

तामारा येगोरोव्हनांचा मध्ये एकदा फोन आला. कागदाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होतंय. त्या म्हणाल्या की त्या मुलीचा हात आता बरा आहे, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. तिची आई अजून विचारते की ती पट्टी कोणी बनवली होती. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता. त्या म्हणाल्या, नाव सांगावं लागतं, नाव अहवालात आहे.

यंत्र मीच चालवतो अजून. सिरिंजा येतात, हातमोजे येतात. त्यांना उलटावं लागत नाही.

मुलांच्या वॉर्डात जाळीचंच कापड लावतात. तिसऱ्या खेपेच्या नोंदीखाली माझी सही तशीच आहे, अहवालात तिचं नाव तसंच आहे, आणि तो कागद मी अजून पाठवलेला नाही.